मासळीच्या पेटीत करडू

शेळी भिजली की किती भिजते, हे मला कळलं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा. २०२४ चा जून होता. मिरगाची एक सर येऊन गेली, पाचेक मिनिटांची. चंद्री गडग्यावर चढून फणसाचा पाला ओरबाडत होती, ती तिथंच अडकली. पडवीत आणून तिचे केस बोटांनी बाजूला केले, तर आतली कातडी ओलीचिंब. पाच मिनिटांत! मेंढीच्या लोकरीला मेणचट तेल असतं, त्यामुळे बरंचसं पाणी वरच्या वर निथळतं. आमच्या शेळीच्या केसाला तसलं काही नाही. आखूड, गुळगुळीत केस, दिसायला चकचकीत, आणि आडोसा म्हणाल तर शून्य. म्हणूनच ढग गडगडले की ती आपल्या आधी पळते.

आम्ही मालवण तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत राहतो. नवरा ट्रॉलरवर. मी बचतगटाच्या कर्जातून २०२३ च्या दिवाळीत चार शेळ्या आणि एक बोकड घेतला. सगळ्या कोकण कन्याळ. काळं अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा, लांब कानांच्या कडा पांढऱ्या, गुडघ्याखाली पाय पांढरे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं या जातीवर बरंच काम केलेलं आहे, आणि कुडाळ तालुक्यात निळेलीला त्यांच्या केंद्रात कन्याळचा कळप आहे. जात इथलीच, पावसाला सरावलेली, असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण सरावलेली म्हणजे पावसात राहणारी, असा मी त्याचा अर्थ लावला. तो अर्थ मला महागात पडला.

घाटावरचे ओळखीचे लोक विचारतात, तुमच्याकडे थंडी कुठे, शेळ्यांना त्रास कसला? बरोबर आहे. जानेवारीत पहाटे जरा गार वाटतं, आणि त्या दिवसांत आमच्या शेळ्या सगळ्यात मजेत असतात. पण शेळीचा हिवाळा म्हणून जे जे सांगतात, न्यूमोनिया, गारठलेली करडं, आटलेलं दूध, ते सगळं आमच्याकडे जूनला येतं आणि चतुर्थीपर्यंत मुक्काम ठोकतं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. आमचा हिवाळा पाण्याचा.

पहिल्या वर्षीचा वाडा म्हणजे घरामागची लाकडं ठेवायची जागा. तीन बाजूंना कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. जुलैत पाऊस असा लागला की पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन कोकण रेल्वेच्या गाड्या थांबल्या होत्या, तो आठवडा. नैऋत्येकडून पाऊस आडवा येत होता. मला वाटलं, बिचाऱ्या कुडकुडत असतील. मी निळी ताडपत्री आणली आणि वाडा चारही बाजूंनी, पत्र्यापासून जमिनीपर्यंत, नीट बांधून घेतला. एवढा नीट की आत दिवसासुद्धा दिवा लावायला लागायचा. वर मच्छर नकोत म्हणून संध्याकाळी नारळाच्या सोडणांची धुरी. मी स्वतःवर फार खूश होते.

चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. आधी बाळी, मग एक आठ महिन्यांची पाट, म्हणजे मादी करडू. नाकातून शेंबूड, मान लांब करून श्वास. मी काय करावं? आणखी एक गोणपाट खाली घातलं आणि ताडपत्रीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. सर्दी झालीय, ऊब हवी, एवढंच डोक्यात.

वरच्या घरातली काकी त्या दिवशी दूध मागायला आली होती. सत्तरीची, जन्मभर शेळ्या पाळलेली. ताडपत्रीचा कोपरा उचलून आत डोकावली आणि लगेच बाहेर आली.

"गो, ह्येंका थंडी वाजता म्हणान गुंडाळलंस? माका हय उभ्या ऱ्हवाक जमणा नाय, ती कशी ऱ्हवतली?"

मला काही वास येत नव्हता. रोजची सवय. तर म्हणाली, "उभी ऱ्हवान नको. शेळी खंय बसता, थंय बस. आनि मगे वास घे."

बसले. गोणपाटावर मांडी घालून, नाक शेळीच्या नाकाएवढ्या उंचीवर. एक मिनिट झालं नसेल, डोळ्यांत पाणी आलं. खालची माती मुतानं भिजून सडलेली, त्यातून अमोनिया वर येत होता आणि ताडपत्रीमुळे त्याला बाहेर जायला वाट नव्हती. माझं नाक पाच फुटांवर, शेळीचं बसल्यावर वीतभर उंचीवर. वाड्यात मी आणि त्या एकत्र असायचो खऱ्या, पण हवा वेगवेगळी घेत होतो. वर तिला धुरी.

डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. बाकीच्या सावरल्या. बाळी आणि ती पाट गेली. डॉक्टर यायला उशीर झाला असं सासूबाई अजून सांगतात. मी फोनच सहाव्या दिवशी केला होता, त्यामुळे तो उशीर माझाच.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोन मिनिटं वाड्यात खाली बसायचं, हा माझा नेम झाला. डोळे चुरचुरले की काहीतरी चुकतंय. यंत्रबिंत्र काही लागत नाही. ताडपत्री वरून हातभर सोडली, म्हणजे पत्र्याखालून वाफ निघून जाईल. ज्या बाजूनं पाऊस मारतो तिथं शेळीच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत चुडतांचे झाप उभे केले. वारा अंगावर नको, डोक्यावरून गेलेला चालतो. जेटीवर पडलेले लाकडी पॅलेट नवऱ्यानं आणून जमिनीवर टाकले आणि त्यावर शेळ्या बसवल्या. खाली चुना. चार दिवसांत वास निम्म्यावर आला. ऑगस्टपर्यंत तेवढ्यावर काढलं.

ऑगस्टात दुसरीच भानगड. चंद्रीच्या जबड्याखाली पिशवी दिसायला लागली. संध्याकाळी चरून आली की लोंबायची, सकाळी कमी. दाबली तर मऊ, दुखत नव्हती. मला वाटलं काहीतरी चावलं. डॉक्टरांनी हातही लावला नाही तिकडे, सरळ डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. आतली बाजू लालसर गुलाबी हवी, ती कागदासारखी पांढरी. रक्त पिणारे जंत. त्यांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, मुख्यतः बुडाजवळच्या वीतभर भागात. आपण कौतुकानं म्हणतो, पावसात काय हिरवंगार चरायला मिळतं. ते हिरवंगारच तिला रिकामं करत होतं.

औषध मी आधी दिलेलं होतं. पण अंदाजानं. "वीस किलोची असेल" म्हणून. मग नवऱ्याचा मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा आडव्या वाशाला टांगला, गोणपाटाची झोळी केली आणि चंद्रीला त्यात घातलं. बत्तीस भरली! म्हणजे मी तिला जेमतेम दोन तृतीयांश औषध देत होते. डॉक्टर म्हणाले, असं अर्धंमुर्धं देण्यापेक्षा न दिलेलं बरं, अर्ध्या डोसातून वाचलेले जंत पुढच्या खेपेला औषधाला दाद देत नाहीत. आणि नुकती गाभण राहिलेली शेळी असेल तर कुठलं औषध हे विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण नेहमीच्या वापरातल्या अल्बेंडाझोलनं पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो. आता दर पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या पापण्या बघते. पापणी लाल असेल तिला औषध नाही, फिकट असेल तिला वजन करून. मासळीचा काटा पावसात वाड्यातच लटकत असतो. ह्यांना त्या दोन महिन्यांत तो लागत नाहीच, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते.

या बंदीवरच आमचा सगळा बेत होता. ठरलं असं, की मेअखेरीला बोट वर काढली की हे घरी, मग दोघांनी मिळून माचा बांधायचा. जमिनीपासून उंच, फटींचा, लेंडी आणि मूत खाली पडेल असा. खांबांसाठी चिरे आणून ठेवले होते, माडाचे वासे होते, पोफळीच्या रिपा एप्रिलातच चिरून वाळवल्या होत्या. पंधरवडा पुरला असता. पण २०२५ साली पावसानं कुणाचीच आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, होऊ दिली नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच समुद्र खवळला, आणि २५ तारखेला तर मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीरच झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईत. लोकांचे आंबे झाडावर, लाकडं अंगणात, पापड गच्चीवर. आमचे चिरे आवारात आणि अकरा शेळ्या जुन्याच पॅलेटवर.

मग भर पावसात बांधलं. इरली नाहीत आता कुणाकडे, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. चार फूट उंचीचे चिऱ्याचे खांब, त्यावर वासे, वाशांवर रिपा. प्रत्येक मोठ्या जनावराला दहा चौरस फूट धरून दहा बाय बारा. हे काम दिसतं सोपं. सगळी गंमत फटीत आहे. ह्यांनी पहिल्या दिवशी दोन बोटांची फट ठेवून अर्धा माचा ठोकला. संध्याकाळी एका करडाचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि ते किंचाळायला लागलं. पाय मोडला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी उलट टोक, रिपा इतक्या जवळ की लेंड्या वरच अडकून राहिल्या आणि शेळ्यांनी त्या तुडवून चिखल केला. शेवटी ह्यांनी आपल्या अंगठ्याची जाडी धरली, साधारण दीड सेंटीमीटर भरली, आणि अंगठा मधे घालून एकेक रीप ठोकली. दोनदा अंगठ्यावरच हातोडी. पण लेंडी टपटप खाली पडायला लागली तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पत्र्यावरच्या पावसापेक्षा बरा वाटला.

चढायच्या फळीवर पहिल्याच सकाळी तीन शेळ्या घसरल्या. तिच्यावर जुनं जाळं ताणून ठोकलं, वर आडव्या पट्ट्या मारल्या. जाळं बघून मला हुशारी सुचली, उरलेल्या जाळ्याची पिशवी करून त्यात पाला भरून टांगला. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी चंद्रीचं शिंग त्यात गुंतलं आणि ती सुटायला म्हणून गोल गोल फिरली. मी पोचले तेव्हा जाळ्याचा पीळ गळ्यापर्यंत आला होता. कोयतीनं कापलं. त्यानंतर पाला सुंभानं बांधून, जुडी करून टांगते. जाळं फक्त फळीवर.

पाल्याचं म्हणाल तर पावसाळ्यात शेळीला उपाशी ठेवणं अवघड, आणि खायला घालणंही अवघड. चोहीकडे हिरवं असतं आणि त्यातलं ओलं पोटभर दिलं की हगवण. मी आज तोडलेला फणसाचा, उंबराचा, गिरीपुष्पाचा पाला पडवीत उलटा टांगते आणि उद्या घालते. गिरीपुष्प ताजं असताना तोंड फिरवतात, कोमेजलं की खातात. रात्री मात्र कोरडं. कुळथाचं काड, वालाचं भूस, जे माळ्यावर साठवलेलं असेल ते. काकी म्हणते, पोटात सुकं असलं की शेगडी पेटती ऱ्हवता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत: काड पचताना पोटात आंबतं आणि त्यातून उष्णता तयार होते, ती रात्रभर पुरते. बल्बपेक्षा भरवशाची, कारण बल्बाला वीज लागते. भरड्याचं पोतं पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचं घेत नाही. पहिल्या वर्षी स्वस्त पडतो म्हणून दोन महिन्यांचा घेतला, त्याला बुरशी धरली. सगळा खतात गेला.

मेच्या सुरुवातीलाच आंत्रविषार आणि घटसर्पाच्या लसी करून घेतल्या होत्या, तेवढं एक काम पावसाआधी झालं होतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, आधीच झालेली, ती तीन वर्षं चालते.

मधे एक विनोद झाला तो सांगते. धाकटे दीर सैन्यात, तेव्हा लडाखला. त्यांनी तिकडच्या शेळ्यांचे फोटो पाठवले. चांगथांगच्या पश्मीना शेळ्या, अंगभर लांब केस, पाठीवर भुरभुरता बर्फ. फोटो बघून डोंबिवलीचा भाचा लागला मागे: मामी, मटणाच्या शेळ्या कसल्या पाळतेस, लोकरीच्या आण, शालीची किंमत बघ! दिरांनीच त्याला समजावलं. ती शेळी ४००० मीटरच्या वर राहते, थंडी उणे तीसपर्यंत उतरते. दिवस लहान व्हायला लागले की लांब केसांच्या खाली मऊ लोकरीचा थर वाढतो, आणि थंडी सरली की तो आपोआप सुटायला लागतो, तेव्हा लोक फणीनं विंचरून काढतात. तीच पश्मीना. तिथली थंडी कोरडी. पाठीवरचा बर्फ झटकला की खाली कातडी कोरडीच. तिला आमच्या आर्द्रात आणून उभी केली तर लोकरीचा थर म्हणजे अंगावर घातलेलं ओलं घोंगडं.

भाच्यानं मग अंगोरा शेळीचं काढलं. (अंगोरा लोकर सशाची, अंगोरा शेळीची ती मोहेर. हा घोळ त्याचाही होता.) मी डॉक्टरांना विचारलं, सहज. ते म्हणाले, पुण्याच्या आघारकर संस्थेनं अंगोरा बोकड आपल्या संगमनेरी शेळ्यांशी संकर करून मोहेरचे प्रयोग केले होते, पण तो कोरडा मुलूख. आणि अंगोराचं एक सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. टेक्सासमध्ये किंवा दक्षिण आफ्रिकेत, जिथं या शेळ्या हजारांनी पाळतात, तिथं वर्षातून दोनदा त्यांना कातरतात, आणि कातरल्यावर महिनाभर पाळणारे आभाळाकडे बघत बसतात. नुसत्या थंडीत शेळी निभावते. पण नुकती कातरलेली असताना थंड पाऊस आणि वारा एकदम आला तर एका रात्रीत कळपच्या कळप आडवा होतो. म्हटलं, मग आमच्या शेळ्या बाराही महिने कातरलेल्याच की.

आता जुलैची रात्र.

शेळी दीडशे दिवसांची गाभण. म्हणजे फेब्रुवारीत बोकड लागला की करडं जुलैत, ऐन पावसात. हे पाठ होतं, म्हणून जानेवारीपासून राजाला, आमच्या बोकडाला, वेगळा बांधला होता. बोकड मे-जूनमध्ये लावायचा, म्हणजे करडं दिवाळीच्या सुमाराला उन्हात होतात. पण फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेला घरातले सगळे गेलो. भराडीदेवीचं दर्शन घेऊन रात्री परत येतोय तो राजानं बांबूची ताटी मोडलेली आणि साहेब कवडीशेजारी रवंथ करत बसलेले. सासूबाई हसत होत्या. मी बोटांवर महिने मोजले.

बावीस जुलैच्या सुमाराला कवडी व्याली. वेळ रात्री दोनची, वीज तीन दिवस नव्हती. पहिलं करडू मोठं, ठणठणीत, कवडी त्याला चाटत बसली. दुसरं अर्ध्या तासानं आलं आणि माच्याच्या कडेला पडलं. वाऱ्याच्या बाजूला. कवडीनं तिकडे बघितलंही नाही. बॅटरी मारली तर ते डोकं उचलत नव्हतं. तोंडात बोट घातलं. करडाच्या तोंडात बोट घातलं की ते गरम लागतं, चोखायला लागतं. हे आतून गार होतं. फ्रीजमधल्या भांड्यात बोट घालावं तसं.

गोणपाटानं खसाखसा पुसलं, आधी कोरडं, बाकी सगळं नंतर. थर्मामीटर लावला, ९६ फॅरनहाइट. १०२ च्या आसपास हवं. माझा पहिला विचार चीक पाजायचा. बाटली हातात घेतलीही होती. पण डॉक्टरांचं वाक्य आठवलं: गार करडाला पाजू नका, त्याला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं. आधी तापवा, मग पाजा. तापवू कशावर? बल्ब बंद. चूल स्वयंपाकघरात, पण धुराचा धडा मागच्या वर्षीच मिळालेला.

हे उठून आले आणि काही न बोलता पडवीतली थर्माकोलची पेटी घेऊन आले. मासळीची. बर्फ घालून मासे पाठवायची ती. म्हणाले, "ह्या बर्फाक दोन दिस इरघळाक देना नाय. मगे ऊब तरी खंय जातली?"

चुलीवर पाणी तापवलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चार, भरून घेतल्या. उकळतं नाही, हाताला सोसेल इतकंच, नाहीतर कातडी भाजते. सासूबाईंचं जुनं सुती लुगडं फाडून प्रत्येक बाटलीला गुंडाळलं. दोन बाजूंना दोन, पाठीशी एक, एक पोटाशी. खाली वाळकं काड. झाकण अर्धंच, श्वासाला हवा हवी. बर्फाचं पाणी जायला पेटीच्या तळाच्या कोपऱ्यात भोक असतं, करडानं मुतलं तेही त्यातूनच गेलं. इतकी चांगली सोय मी मुद्दाम बसून आखली असती तरी सुचली नसती.

दर वीस मिनिटांनी बाटल्या बदलायच्या. मधल्या वेळात मी कवडीचा चीक काढला, पिवळाधमक, मधासारखा दाट. आता त्याला कोमट करायचा तर सरळ चुलीवर ठेवता येत नाही, त्याचा खरवस होतो. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात तरंगत ठेवली. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "उरलो तर सांग गो, मी गूळ काढून ठेवलंय." करडू मरायला टेकलेलं आणि ह्यांना खरवस! पण त्यांच्या बोलण्यानं मला धीर आला हेही खरं. उरेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

९७. मग बराच वेळ ९७ च. साडेतीनला ९८. चारच्या पुढे त्यानं कान हलवला. १०० झालं तेव्हा पुन्हा बोट घातलं, आणि ते चोखायला लागलं. हिरड्यांची ती पकड अजून बोटाला आठवते. मग चमच्यानं नाही, बाटलीनंच, डोकं वर उचलून न धरता, जशी आईखाली मान असते तशी ठेवून पाजलं. एका वेळी पन्नास मिली. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात दोनशे मिली तरी चीक जायला हवा, आणि जितका लवकर तितका बरा. पुढचे डोस दर दोन-तीन तासांनी.

उजाडल्यावर कवडी त्याला घेईना. वास घ्यायची आणि ढुशी मारायची. साहजिक आहे, लुगड्याचा, बर्फाच्या पेटीचा, माझा, सगळ्यांचा वास त्याला. आईचाच चीक त्याच्या पाठीवर आणि शेपटीखाली चोळला, कवडीला दावं आखूड केलं, आणि दोन दिवस धरून पाजलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन चाटलं. खरवस झाला, वाटीभर. सासूबाईंनी सगळ्यांना चमचा चमचा दिला.

तिचं नाव पेटी ठेवलं. पाट होती.

खुरांचं थोडक्यात सांगते. पावसाआधी खुरं कातरून घेतली की निम्मा त्रास वाचतो, वाढलेल्या खुराखाली चिखल बसतो आणि कुजतो. तरी दोघी लंगडल्याच. टोपल्यात मोरचुदाचं पाणी करून त्यात पाय बुडवायचे, मग कोरड्या जागी उभं करायचं, पाय सुकेपर्यंत. आठवडाभर केलं, बऱ्या झाल्या. मोरचूद विषारी असतो, टोपलं तिथं सोडून फोन घ्यायला गेलात तर दुसरी शेळी ते प्यायला बघते. माझ्या एकीनं बघितलंच होतं.

खाली पडलेल्या लेंडीचं खत पेरणीनंतर शेजारच्या बागायतदारानं कलमांसाठी नेलं. त्या पैशात रिपांचा खर्च निघाला. २०२५ च्या पावसात एकही शेळी गेली नाही. खोकला दोघींना आला, अंगावर काढला नाही, त्याच दिवशी फोन केला.

नारळीपौर्णिमा झाली आणि हे निघायच्या तयारीला लागले. डिझेल, बर्फ, जाळी. आणि पेटी कुठाय विचारायला लागले. पेटी म्हणजे थर्माकोलची. पण आमची पेटी तिच्यातून उठायला तयार नव्हती. दिवसभर आईबरोबर, उड्या मारायची, आणि अंधार पडला की माच्यावरून उतरून पडवीत येऊन त्या खोक्यात जाऊन बसायची. आता तिचे गुडघे बाहेर यायचे तरीही. शिवाय एका कोपऱ्याला दातांच्या खुणा. थर्माकोल पोटात गेला तर भलतंच व्हायचं, म्हणून मीच ती उचलून दिली. धुतली, मिठाच्या पाण्यानं घासली, उन्हात ठेवली, म्हणजे ऊन येईल त्या अर्ध्या तासात. पेटीला सुपारीच्या विरीचा खोका करून दिला, त्यात ती दोन दिवस बसली नाही.

आठवड्यानं हे बंदरावरून आले ते हसतच. म्हणाले, लिलावात एका बाईनं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि विचारलं, "भावा, बांगड्यांक बकऱ्याचो वास खंयचो?"